जुन्या मोटारीचे वातानुकूलन : जीर्णोद्धाराचे मार्ग

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या कानांवर येतो तो बहुधा देवालयांच्या संदर्भात. जुने देऊळ मोडकळीस आले म्हणजे गावकरी सभामंडपात बसतात आणि प्रश्न निघतो : गर्भागार तसेच ठेवून वरचे छप्पर तेवढे बदलावे, की सारेच उतरवून नव्याने बांधावे? लाकडी खांब कुजले असतील तर पुन्हा लाकडाचेच उभारावेत, की सिमेंटचे करावेत? कोणी म्हणतो, जुन्याचे जुनेपण राहिले पाहिजे. कोणी म्हणतो, पावसाळ्यात गळता कामा नये. दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि म्हणूनच निर्णय अवघड होतो.

नेमका हाच वाद जुन्या मोटारी जपणाऱ्या हौशी लोकांमध्येही चालतो, आणि तो सर्वांत अधिक रंगतो मोटारीतील वातानुकूलन यंत्राच्या बाबतीत. मोटारीचा रंग, गाद्या, दिवे हे सर्व मूळ स्वरूपात पुन्हा आणता येते. वातानुकूलनाचे मात्र तसे नाही. त्या यंत्रात पूर्वी जो वायू भरला जाई, तोच आज जगाने त्याज्य ठरविला आहे. तेव्हा जुने यंत्र जुन्यासारखेच चालविणे योग्य की अयोग्य, आणि अयोग्य असेल तर दुसरे मार्ग कोणते, हे या पाठात आपण पाहू. विषय यंत्राचा असला तरी त्याच्या पोटात पदार्थविज्ञान आहे, रसायनशास्त्र आहे, थोडा इतिहास आहे आणि थोडा नीतिविचारही आहे.

उदाहरणादाखल आपण एकच मोटार डोळ्यांपुढे ठेवू. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीची १९६७ सालची शेव्हरले इम्पाला ही ती मोटार. लांबरुंद, अवजड, आणि ज्याने जादा पैसे मोजले असतील त्याला कारखान्यातूनच वातानुकूलन बसवून मिळालेली. अशा कित्येक मोटारी अमेरिकेतील हौशी लोकांनी आजही चालू ठेवल्या आहेत.

उष्णता हलविणारे यंत्र

शीतयंत्र थंडी तयार करते, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. वास्तविक थंडी नावाचा पदार्थच नाही. उष्णता एका जागेहून उचलायची आणि दुसऱ्या जागी नेऊन टाकायची, एवढेच या यंत्राचे काम. इंजेक्शन देण्यापूर्वी दंडावर स्पिरिट चोळतात तेव्हा तेवढी जागा गार लागते, कारण द्रवाचा वायू होताना तो आपल्या त्वचेतील उष्णता घेऊन जातो. मातीच्या माठातील पाणीही याच कारणाने गार होते. आपल्या समुद्रकाठच्या दमट हवेत माठ फारसा उपयोगी पडत नाही आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात तोच माठ अमृतासारखे पाणी देतो, याचे कारणही तेच : बाष्पीभवन जितके जलद, तितका गारवा अधिक.

मोटारीतील यंत्रात हीच क्रिया बंद नळ्यांच्या फेऱ्यात अखंड चालू ठेवलेली असते. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर वायूला दाबून गरम करतो. तो गरम वायू रेडिएटरच्या पुढे उभ्या केलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तेथे बाहेरची हवा त्याची उष्णता घेते आणि वायूचा द्रव होतो. ड्रायरमध्ये त्यातील पाण्याचा अंश शोषला जातो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो द्रव कूलिंग कॉइलमध्ये सुटतो. तेथे दाब एकदम कमी झाल्यामुळे तो उकळू लागतो आणि मोटारीतील हवेची उष्णता पिऊन पुन्हा वायू होतो. हा वायू परत कॉम्प्रेसरकडे जातो आणि फेरा पूर्ण होतो. दमट हवेतील पाणी याच थंड कॉइलवर ठिबकते व नळीवाटे बाहेर जाते. वातानुकूलित मोटार उभी राहिली की तिच्याखाली पाण्याचे थारोळे दिसते, ते यामुळेच.

आपल्या इम्पालातील कॉम्प्रेसर ए-सिक्स या नावाने ओळखला जातो. जनरल मोटर्सच्याच फ्रिजिडेअर विभागाने तो १९६२ साली प्रचारात आणला. दोन्ही टोकांनी काम करणारे तीन दट्टे, म्हणजे एकूण सहा सिलिंडर, आणि वजन पंधरा किलोंहून अधिक. या मोटारीत आणखी एक खुबीचा भाग असतो. कूलिंग कॉइल आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये एक दाबनियंत्रक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. कॉइलमधील दाब तो ठरावीक मर्यादेखाली जाऊ देत नाही. तो गेला तर कॉइलवर जमणाऱ्या पाण्याचे बर्फ होईल आणि हवेची वाटच बंद होईल. हा व्हॉल्व्ह लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

थोडा इतिहास

कारखान्यातूनच वातानुकूलन बसवून मिळणारी पहिली मोटार पॅकार्ड कंपनीची. १९३९ सालच्या नोव्हेंबरात शिकागो येथील प्रदर्शनात ती मांडण्यात आली. कूलिंग कॉइल मागच्या सामानाच्या कप्प्याकडे बसवलेली होती आणि किंमत मोटारीवर सुमारे २७४ डॉलर जादा. गंमत अशी की यंत्र बंद करण्याची सोयच नव्हती. हिवाळा आला की मोटार थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवावा लागे! तो प्रयोग थोड्याच काळात बंद पडला. महायुद्धानंतर १९५३ साली अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी पुन्हा वातानुकूलन देऊ केले. १९५४ साली नॅश कंपनीने गरम व थंड हवेची सारी व्यवस्था मोटारीच्या पुढच्या भागात एकत्र आणली. आज आपण जी मांडणी पाहतो तिचे मूळ तेथे आहे. १९६४ साली कॅडिलॅक मोटारीत तापमान आपोआप राखणारी योजना आली. म्हणजे आपली १९६७ सालची इम्पाला ही चांगली रुळलेल्या विद्येची संतती होय.

निरुपद्रवी वायूची कहाणी

या यंत्रांमधून खेळणारा वायू मात्र मुख्यतः एकच होता. त्याचे रासायनिक नाव डायक्लोरोडायफ्लुओरोमिथेन, व्यवहारातील नाव आर-१२, आणि लोकांच्या तोंडी बसलेले नाव फ्रिऑन. त्याच्या रेणूत कार्बनचा एक, क्लोरीनचे दोन आणि फ्लोरीनचे दोन अणू असतात. पाणी शंभर अंश सेल्सिअसला उकळते. हा द्रव शून्याखाली सुमारे तीस अंशांवरच उकळतो.

त्याचा शोध लागण्यापूर्वी शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू वापरीत. नळी फुटली तर घरातल्या माणसांच्या जिवावर बेते. थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास या वायूचा शोध लावला. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो वायू श्वासाबरोबर छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर फुंकर घालून ती विझवून दाखविली. वायू विषारीही नाही आणि पेट घेणाराही नाही, हे एका फुंकरीने सिद्ध झाले. सभा थक्क झाली. त्या दिवशी कोणाला शंका येण्याचे कारणच नव्हते.

परंतु जो पदार्थ कशाशीही संयोग पावत नाही तो नाहीसाही होत नाही. आर-१२ वातावरणात सुमारे शंभर वर्षे टिकतो आणि हळूहळू वर चढत ओझोनच्या थरापर्यंत पोहोचतो. तेथील तीव्र अतिनील किरणांनी त्याचा रेणू फुटतो आणि क्लोरीनचा अणू मोकळा होतो. असा एक अणू ओझोनचे एक लाखापर्यंत रेणू नष्ट करू शकतो. हे अनुमान मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ साली मांडले. मिजलीच्या फुंकरीला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती. १९८५ साली ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट प्रत्यक्ष मोजमापाने जाहीर केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे राष्ट्रांनी करार केला. त्याच तारखेला आपण ओझोन दिन पाळतो. भारत १९९२ साली या करारात सामील झाला. प्रगत देशांत आर-१२ चे उत्पादन १९९५ च्या अखेरीस थांबले आणि विकसनशील देशांसाठी २०१० हे वर्ष ठरले. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झेन यांना १९९५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आर-१२ ची जागा मोटारींमध्ये आर-१३४ए या वायूने घेतली. त्यात क्लोरीन मुळीच नाही, त्यामुळे ओझोनला त्याच्यापासून धोका नाही. पृथ्वीचे तापमान वाढविण्याचा दोष मात्र त्यातही आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-१२ सुमारे १०,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवितो, तर एक किलो आर-१३४ए सुमारे १,४३० किलोइतकी. या दुसऱ्या जातीच्या वायूंनाही हळूहळू आवर घालण्याचे २०१६ साली किगाली येथे ठरले.

येथे एक छोटे गणित करू. आपल्या इम्पालात सुमारे १.७ किलो आर-१२ मावतो. १.७ ला १०,९०० ने गुणले की १८,५३० येतात. म्हणजे या एका मोटारीतील वायू निसटला तर साडेअठरा टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखे होते. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, त्या हिशेबाने हे आठ हजार लिटर पेट्रोल झाले. मोटार लिटरला पाच किलोमीटर चालते असे धरल्यास चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे विषुववृत्तावरून पृथ्वीला जवळजवळ एक प्रदक्षिणा. एक सैल झालेला सांधा एवढे काम गुपचूप करतो, आणि ओझोनचे नुकसान या हिशेबात धरलेलेच नाही.

आधी निदान, मग उपचार

मार्गांकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘एसीतला गॅस संपला, भरून घेतला पाहिजे,’ असे आपण सर्रास ऐकतो. पेट्रोल जळते म्हणून संपते. शीतयंत्रातील वायू जळत नाही, खर्चही होत नाही. तोच वायू वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, याला दुसरा अर्थ नाही. गळती न शोधता वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे आहे.

ए-सिक्स कॉम्प्रेसरची गळण्याची जागा ठरलेली असते : पुढच्या बाजूस, जेथून त्याचा दांडा बाहेर येतो तेथील सील. वायूबरोबर यंत्रातील तेलही फिरत असते, म्हणून सील झिजले की तेलाचे थेंब पट्ट्याच्या रेषेत उडतात आणि बॉनेटच्या आतल्या अंगावर काळसर पट्टा उमटतो. कसबी कारागीर वायूला हात लावण्यापूर्वी तो पट्टा पाहतो. याखेरीज कोरडा नायट्रोजन दाबाने भरून, किंवा तेलात चमकणारा रंग मिसळून त्यावर अतिनील दिवा धरून गळती शोधतात.

दुसरा शत्रू पाणी. नळ्या बराच काळ उघड्या राहिल्या की दमट हवा आत शिरते. वायू व तेलाबरोबर पाणी मिसळले म्हणजे आम्ले तयार होतात आणि धातू खाऊ लागतात. म्हणून दुरुस्तीनंतर पंप लावून नळ्यांतील हवा ओढून घेतात. दाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरपर्यंत उतरला की पाणी ३० अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. पंप त्याहूनही खाली उतरतो आणि आतला ओलावा वाफ होऊन निघून जातो. डोंगरावर भात लवकर शिजत नाही हे भूगोलात वाचलेले आठवते ना? तोच नियम येथे उपयोगी पडतो.

चार मार्ग

पहिला मार्ग : मूळ यंत्र, मूळ वायू. कॉम्प्रेसर उघडून नवी सीले घालावीत, रबरी नळ्या व ओ-रिंगा बदलाव्यात, ड्रायर नवा बसवावा आणि पुन्हा आर-१२ भरावा. यंत्र ज्या वायूसाठी आखले होते तोच मिळाल्यामुळे ते १९६७ सालासारखेच थंड हवा देते. बॉनेट उघडले तरी डोळ्याला काही खटकत नाही. अमेरिकेत जुन्या मोटारीत हा वायू वापरण्यास बंदी नाही. परंतु तो नव्याने तयार होत नसल्याने जुन्या साठ्यातला किंवा दुसऱ्या यंत्रातून काढून शुद्ध केलेलाच वापरावा लागतो, तो फार महाग पडतो, आणि हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करवून घ्यावे लागते. सील पुन्हा गळले तर काय होते, ते आपण वरच्या गणितात पाहिलेच आहे.

दुसरा मार्ग : मूळ यंत्र, नवा वायू. हा मार्ग सोपा वाटतो, कारण ‘एक गॅस काढा, दुसरा भरा’ एवढेच काम दिसते. तसे केल्यास यंत्र थोड्याच दिवसांत बिघडते. कारण असे. आर-१२ बरोबर खनिज तेल मिसळते व सर्व नळ्यांतून फिरून कॉम्प्रेसरपर्यंत परत येते. आर-१३४ए मध्ये ते तेल विरघळत नाही. ते कॉइलच्या तळाशी साचून राहते आणि कॉम्प्रेसर तेलावाचून घासला जातो. म्हणून जुने तेल धुऊन काढून नव्या वायूला मानवणारे तेल घालावे लागते. नवा वायू जुन्या रबरातून अधिक सहजतेने झिरपतो, म्हणून आतून अस्तर दिलेल्या नळ्या लागतात. ड्रायरमधील शोषक द्रव्यही निराळे हवे.

आता तो दाबनियंत्रक व्हॉल्व्ह आठवा. आर-१२ चे तापमान शून्य अंश असते तेव्हा त्याचा दाब दर चौरस इंचास सुमारे तीस पौंड असतो. आर-१३४ए चा मात्र अठ्ठावीसच्या आत. व्हॉल्व्ह जुन्याच मापावर राहिला तर कॉइल पुरेशी थंड होणार नाही, म्हणून तो थोडा उतरवून लावावा लागतो. उलटपक्षी कंडेन्सरच्या बाजूस, साठ अंशांच्या आसपास, नव्या वायूचा दाब जुन्यापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी अधिक असतो. त्यामुळे भर उन्हात मोटार सिग्नलला थांबली की जुना कंडेन्सर कमी पडतो. यावर उपाय म्हणजे अधिक कार्यक्षम कंडेन्सर आणि चांगला पंखा. नवा वायू जुन्याच्या वजनाने ऐंशी ते नव्वद टक्केच भरतात. शेवटी वायू भरण्याची तोंडे नव्या मापाची बसवून वर स्पष्ट चिठ्ठी लावतात, म्हणजे पुढचा कारागीर चुकून दोन वायू एकत्र करणार नाही. हे सारे नीट केले तर मोटारीचे रूप राहते आणि वायू निसटलाच तरी त्याचा भार साडेअठरा टनांवरून सुमारे दोन टनांवर येतो.

तिसरा मार्ग : जुना देखावा, नवे हृदय. मोटारीच्या आतील जाळ्या, बटणे, कॉइलची पेटी जशीच्या तशी ठेवायची. कॉम्प्रेसर व कंडेन्सर मात्र आजच्या घडणीचे बसवायचे. सॅन्डेन जातीचा कॉम्प्रेसर ए-सिक्सच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा असतो, सुरळीत फिरतो आणि त्याची सीले आर-१३४ए साठीच केलेली असतात. जुना दाबनियंत्रक व्हॉल्व्ह येथे निकामी करतात. कॉइल फार थंड झाली की कॉम्प्रेसरचा क्लच सोडणारा स्विच त्याऐवजी काम करतो. आसनावर बसलेल्याला काही फरक दिसत नाही, बॉनेट उघडणाऱ्याला दिसतो. बाहेरून ए-सिक्ससारखे दिसणारे, परंतु आतून नव्या रचनेचे कॉम्प्रेसरही आता मिळतात. या मार्गाचा मोठा गुण असा की तो परतीचा आहे. काढलेले जुने भाग तेल लावून, तोंडे बंद करून पेटीत ठेवले, तर पुढच्या पिढीला ते पुन्हा बसविता येतात.

चौथा मार्ग : संपूर्ण नवा संच. कॉइल, पंखा, हीटर, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, नळ्या असा सारा संच जुन्या मोटारींसाठी तयार मिळतो. टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ येथे १९७६ साली स्थापन झालेली व्हिंटेज एअर ही या व्यवसायातील प्रसिद्ध कंपनी. ज्या मोटारीत मुळात वातानुकूलन नव्हतेच, किंवा ज्याचे मूळ भाग गंजून गेले आहेत, तिच्यासाठी हाच मार्ग उरतो. गारवा उत्तम मिळतो. परंतु डॅशबोर्डमागची मूळ पेटी काढावी लागते आणि काही ठिकाणी पत्र्याला नवी छिद्रे पाडावी लागतात. पाडलेले छिद्र बुजविता येते, पण पत्रा पूर्वीचा राहत नाही.

मार्ग कोणताही असो, बाहेरची उष्णता आत येऊ न देणे हे अर्धे काम असते. छताखाली, पायांखाली आणि इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर उष्णतारोधक थर दिला, दरवाजांची रबरे बदलली, तर यंत्रावरचा भार पुष्कळ हलका होतो.

जो मार्ग घेऊ नये

स्वस्त म्हणून आणखी एक मार्ग सुचविला जातो. प्रोपेन आणि आयसोब्युटेन यांचे मिश्रण आर-१२ सारखेच वागते आणि जुन्या खनिज तेलाबरोबरही चालते. ओझोनलाही त्याचा त्रास नाही. मग दोष कोणता? आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्येही याच कुळातील वायू असतात, एवढे सांगितले तरी पुरे. इम्पालाची कूलिंग कॉइल प्रवाशांच्या पायांजवळ असते. बंद काचांच्या मोटारीत हा वायू झिरपला आणि कोणी काडी ओढली तर काय होईल, हे सांगावयास नको. अमेरिकेत आर-१२ च्या जागी असे ज्वलनशील मिश्रण मोटारीत भरणे बेकायदा आहे. घरातील नव्या शीतकपाटांत असे वायू वापरतात हे खरे. परंतु तेथे प्रमाण थोड्या ग्रॅमांचे असते आणि यंत्राची आखणीच त्या वायूसाठी केलेली असते.

नव्या मोटारींमध्ये आता आर-१२३४वायएफ हा वायू येऊ लागला आहे. तापमानवाढीच्या बाबतीत तो जवळजवळ निर्दोष आहे. परंतु तो महाग आहे, किंचित ज्वलनशील आहे आणि त्यासाठी खास आखलेल्या यंत्रातच शोभतो. साठ वर्षांच्या यंत्रात तो कोंबणे शहाणपणाचे नव्हे.

निवड कशी करावी

आता गावकऱ्यांच्या सभेतील प्रश्नाकडे येऊ. जुन्याशी इमान राखावयाचे म्हणजे नेमके कशाशी? मला वाटते, मोटार घडविणाऱ्या माणसांचे कसब, तिचा आकार, तिच्या बटणांचा स्पर्श, ए-सिक्सची ती तीन दट्ट्यांची चतुर रचना, हा वारसा होय. नळ्यांतून फिरणारा वायू हा वारसा नव्हे. तो त्या काळी उपलब्ध असलेला एक पदार्थ होता. त्याचे परिणाम ठाऊक नव्हते तोपर्यंत वापरणाऱ्यांना दोष देता येत नाही. ते ठाऊक झाल्यावर मात्र ती सबब आपल्यापाशी उरत नाही.

म्हणून मोटार रस्त्यावर चालवावयाची असेल तर दुसरा किंवा तिसरा मार्ग पत्करावा. मूळ कॉम्प्रेसर धड असेल तर दुसरा. तो झिजला असेल, किंवा मोटार कडक उन्हाच्या प्रदेशात फिरणार असेल तर तिसरा. मूळ भाग हरवलेच असतील तर चौथा. मोटार केवळ प्रदर्शनात ठेवावयाची असेल, तर मूळ यंत्र स्वच्छ करून त्यात कोरडा नायट्रोजन भरून तोंडे बंद करावीत. पाहणाराला सारे मूळ स्वरूपात दिसते, गंजही चढत नाही आणि हवेलाही धोका नाही. पहिला मार्ग, म्हणजे चालत्या मोटारीत आर-१२, हा माझ्या मते शेवटचा समजावा.

आपल्या देशातही हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम जाहीर केले. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याचा सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, अशी त्यात अट आहे. तेव्हा पत्रा न कापता, इंजिनाला धक्का न लावता करता येणारा बदल कोणता, याचा विचार अशी मोटार बाळगणाऱ्याला करावाच लागतो. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा आणखी एक अडचण उभी करते. कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांना ती लवकर खाते. म्हणून ज्याचे घर समुद्राजवळ असेल त्याने कंडेन्सर वरचेवर गोड्या पाण्याने धुवावा. हा सल्ला जुन्या मोटारीला लागू आहे, तसाच कालच घेतलेल्या मोटारीलाही.

आणि म्हणूनच, विद्यार्थिमित्रहो, हा पाठ केवळ इम्पालाच्या मालकासाठी नाही. तुमच्या घरी मोटार असेल, शेजाऱ्यांची असेल, भिंतीवरचे यंत्र असेल; कधीतरी कारागीर येईल आणि ‘गॅस भरला पाहिजे’ म्हणेल. त्या वेळी नम्रपणे तीन प्रश्न विचारा. गळती कोठे सापडली? आत उरलेला जुना वायू हवेत सोडणार की बाटलीत काढून घेणार? नवा वायू नेमका कोणता, आणि तो वजन करून किती ग्रॅम भरणार? जो कारागीर या तिन्हींची सरळ उत्तरे देईल, त्याच्या हाती यंत्र निश्चिंतपणे सोपवावे. ज्याच्यापाशी उत्तरे नसतील, त्याला गळती शोधून येण्यास सांगावे आणि तोपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्यात.